त्या बेटावरची पांढरी वाईन

माझ्या बायकोचा उजवा डोळा काचेचा आहे. तो कसा गेला हे आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांना माहीत आहे. रियाधला असताना कुकर फुटला, झाकण उडून बरण्यांवर आदळलं, काच डोळ्यात गेली. लग्नकार्यात एखादं नवखं माणूस तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिलं, की शेजारी बसलेली बाई त्याला हळूच हे सांगते. मी स्वतः कित्येकांना सांगितलं आहे. कुकर फुटला नव्हता. कुकर मी फोडला, हातोडीनं, आणि तोही डोळा गेल्यानंतर.

हे लिहायला मला वीस वर्षं लागली. आता सगळं सुरुवातीपासून सांगतो.

माझे वडील तासगावला एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याच्या शेडवर देखरेखीला होते. दिवसभर द्राक्षं वाळताना बघायची आणि संध्याकाळी हातभट्टीची पिऊन घरी यायचं. आईला मारायचे. बहुतेक वेळा हातानं, एकदा पाण्याच्या तांब्यानं. तांब्या लागला त्या दिवशी आईच्या भुवईतून रक्त आलं आणि वडील तिथंच बसून रडले, आणि त्यांच्या रडण्याला सुद्धा तोच वास होता. मी तेव्हा नववीत होतो. त्या वासाजवळ आयुष्यात जायचं नाही असं मी ठरवलं. कॉलेजात, पुण्यातल्या पहिल्या नोकरीत, मित्रांच्या लग्नात मी ते पाळलं. दारू पूर्ण बंद असलेल्या देशात नोकरी मिळाली तेव्हा आईला केवढं समाधान वाटलं होतं. "तिकडं मिळतच नाही म्हणं, बरं झालं," असं ती शेजारणींना सांगायची.

आणि त्याच देशात मी घरात वाईन केली.

रियाधला एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात मी होतो. आम्ही अल मलाझ भागात राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, मी, बायको आणि सात वर्षांची मुलगी. माझा वरिष्ठ न्यूझीलंडचा होता. पन्नाशी उलटलेला, उंच, उन्हानं मान लाल झालेला. बायको वारलेली. त्याच्या वडिलांची तिकडे द्राक्षाची बाग होती, दक्षिणेकडच्या बेटाच्या वरच्या टोकाला. मीही द्राक्षांच्या मुलखातला आहे हे कळल्यापासून तो मला इतरांपेक्षा वेगळा वागवू लागला. दुपारी जेवायच्या वेळी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचा आणि बोलायचा.

त्याच्या बोलण्यात बेटाच्या चारी बाजूंनी समुद्राचा वारा यायचा. भर उन्हाळ्यातसुद्धा रात्री स्वेटर घालावा लागतो, तो सांगायचा. त्यामुळे द्राक्ष घाई करत नाही, सावकाश पिकतं, आणि पिकूनही आतला आंबटपणा सोडत नाही. जमीन म्हणशील तर जुन्या नदीचं पात्र, नुसते गोटे. वसंतात दहिवर गोठून कोंब जळू नयेत म्हणून पहाटे हेलिकॉप्टर बोलवायचे आणि ते बागेवर इतकं खाली फिरवायचे की वरची ऊबदार हवा खाली ढकलली जायची. काढणीच्या वेळी माणसं नाहीत, यंत्र. ते ओळीवर दोन्हीकडून बसतं आणि वेलींना झोडपत जातं.

"झोडपत?" मी विचारलं.

"अक्षरशः. वेल वाचते. तिला सवय असते."

त्या वाईनला सॉव्हिन्यॉन ब्लांक म्हणतात हे मी त्याच्याकडूनच शिकलो. ती कशी लागते हे सांगताना त्याला शब्द पुरायचे नाहीत. म्हणून एका गुरुवारी तो म्हणाला, "चल, तुला दाखवतो," आणि मला गाडीत घालून बत्ह्याच्या बाजारात घेऊन गेला. भाजीच्या दुकानांच्या गल्लीत त्यानं एक हिरवीगार ढोबळी मिरची उचलली, देठाशी मोडली आणि माझ्या नाकाशी धरली. मग पेरू. मग लिंबाची साल, नखानं ओरबाडून. मग कोथिंबिरीसाठी वाकला. लोक थांबून बघू लागले. भाजीवाला बंगाली होता, त्याला राहवलं नाही. "साब, सूंघ के ही पेट भरेगा क्या?"

साहेब हसला, चारही गोष्टी घेतल्या आणि मला गाडीत पुन्हा एकदा एकामागून एक हुंगायला लावल्या. "आता यातून गोडी काढून टाक. पूर्ण. आणि सगळं बर्फाइतकं गार कर. तीच ती."

मी डोळे मिटून तसं करून पाहिलं. मला एकदम काहीतरी स्वच्छ वाटलं. वडिलांच्या अंगाला यायच्या त्या वासाचा त्यात अंशही नव्हता. माझी चूक इथंच सुरू झाली. वडील प्यायचे ती दारू, आणि ही वेगळी, अशी मी मनात भिंत घातली. गोरी माणसं, थंड हवा, काचेचे उंच पेले. यात कुणी कुणाला मारत नाही असं मी धरून चाललो.

ती वर्षं वाईट होती. रियाधमध्ये परदेशी लोकांच्या वसाहतींवर गाड्या भरून स्फोटकं आणून हल्ले झाले होते. एका रात्री आमच्या खिडकीची काच लांबच्या स्फोटानं थरथरली होती, आणि त्यानंतर कित्येक आठवडे मोठा आवाज झाला की लोक जिन्यात यायचे. साहेबाची वसाहत कंपनीनं रिकामी केली आणि सगळ्या गोऱ्यांना हॉटेलात हलवलं. वसाहतीत तो घरीच वाईन करायचा, पुष्कळ जण करत. हॉटेलात रोज सफाईवाले खोलीत येत. ते शक्य नव्हतं.

तो मला कर म्हणाला नाही. हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. तो नुसता म्हणाला की, यंदा बिनवाईनचं वर्ष जाणार. मीच म्हणालो, "माझ्याकडे एक जादा खोली आहे."

बायकोला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "कोठीच्या खोलीत?" तिनं विचारलं.

"हो. दोनच महिने."

"पकडलं तर काय करतात ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"कोण येतंय आपल्या घरी बघायला."

"माझ्या आईनं लग्न ठरवताना एकच चौकशी केली होती तुमच्याबद्दल," ती म्हणाली. "मुलगा पीत नाही ना. एवढीच." मग तव्यावरची पोळी उलटली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही, आणि मी तिचा तो होकार समजलो.

कृती सोपी होती. बाजारात मिळणारा पांढऱ्या द्राक्षांचा रस, साखर, पावाचं यीस्ट. पाण्याचा वीस लिटरचा जार, त्याच्या तोंडाला नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. यीस्ट साखर खातं, गॅस सोडतं, पाण्यात बुडबुडे येतात. साखर संपली की बुडबुडे थांबतात आणि वाईन तयार होते. साहेबानं दोनच नियम घालून दिले. खोली थंड ठेव, पण अगदी गार नको. आणि गोडी पूर्ण गेल्याशिवाय झाकण लावू नकोस. "गोडी राहिली असेल तर थांब. बुडबुड्यांवर जाऊ नकोस, जिभेवर जा."

मी पहिल्या नियमात साहेबाच्या पुढं गेलो. मला त्याचं बेट इथं आणायचं होतं. खिडकीतला एसी मी सगळ्यात खालच्या आकड्यावर लावला, खिडकीला चादर ठोकली, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात माठाला करतात तसं जारला ओलं गोणपाट गुंडाळलं. बाहेर पंचेचाळीस अंश असताना त्या खोलीत उभं राहिलं की दात वाजायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. तिथं तूरडाळ, तांदूळ, सासूबाईंनी दिलेल्या लोणच्याच्या बरण्या आणि त्यांचाच पाच लिटरचा कुकर असायचा. बायको काही घ्यायला आत गेली की अंगावर शाल घेऊन जायची. "चालले तुमच्या न्यूझीलंडला," म्हणायची. मला वाटायचं, थट्टा करतेय, म्हणजे तिला चालतंय.

पाचव्या आठवड्यात बुडबुडे थांबले. यीस्ट थंडीनं झोपलं होतं, मेलं नव्हतं, ऊब मिळाली की पुन्हा गॅस सोडणार होतं, हे आता मला कळतं. साहेब शुक्रवारी घरी आला, जारमधली चमचाभर चाखली आणि मान हलवली. "अजून गोड आहे. थांब दोन-तीन आठवडे. एसी थोडा कमी कर."

तो गेल्यावर मीही चाखली. अर्धा कप. मला ती गोडच आवडली. तासगावच्या शेडमध्ये वाळायला टाकलेल्या द्राक्षांखाली जो चिकट रस ठिबकतो, तशी. हिची गोडी घालवायची कशाला, असं मला वाटलं. त्या माणसाचा बेटावरचा आंबटपणा त्याला लखलाभ, माझी वाईन मला अशीच हवी होती. पुढच्याच आठवड्यात मी ती बाटल्यांमध्ये भरली. तारेचा चाप असलेल्या जाड काचेच्या बाटल्या होत्या, रबराची चकती दाबून बसायची, हवा बाहेर येण्याची सोयच नाही. एक डझनाहून जास्त. चाप लावताना प्रत्येकीचा जो टक् असा आवाज होत होता, तो मला फार आवडला होता.

साहेबाला मी सांगितलं नाही. गंमत म्हणून त्याच्या वाढदिवसाला एक नेऊन देणार होतो.

ऑगस्टमध्ये आम्ही दोन दिवस दम्मामला मित्राकडे गेलो. शुक्रवारी दुपारी परत आलो. जुम्म्याची नमाज नुकतीच सुटली होती, रस्ते रिकामे होते, डांबर मऊ लागत होतं. मुलगी जिन्यातूनच समोरच्या घरात पळाली. समोर रत्नागिरीकडचं कुटुंब राहायचं, त्या गृहस्थांचं बत्ह्याला बॅगांचं दुकान होतं, आणि त्यांच्या मुलींशी तिची मैत्री होती. मी बॅगा आत घेत होतो. बायको म्हणाली, "वरणभातच टाकते पटकन," आणि कोठीच्या खोलीकडे गेली.

"अहो," ती आतून म्हणाली, "एसी बंद पडलाय. भट्टी झालीय इथं."

मी "उघडं ठेव दार" म्हणालो. एवढं मला स्वच्छ आठवतं. मी तिला दार उघडं ठेवायला सांगितलं आणि बॅगेची चेन काढत राहिलो.

पहिला आवाज कोरडा होता, गोळीसारखा. मग एकदम तीन-चार. मग काच भिंतीवर आदळल्याचे आवाज, आणि त्यांच्या मधून तिचा. ती किंचाळली नाही. "आई गं" असं बोलल्यासारखं म्हणाली.

मी पोचलो तेव्हा ती दाराशी खाली बसली होती. उजव्या डोळ्यावर पालथा हात, बोटांच्या फटीतून रक्त, केसांत फेस. आत अजून एक बाटली फुटली आणि माझ्या कानाजवळून काहीतरी गेलं. मी तिला बगलेत धरून ओढलं आणि दार लोटलं. दाराच्या मागं आणखी दोन फुटल्या. एका बाटलीचा गळा चापासकट दाराखालून घरंगळत बाहेर आला.

घरभर वास सुटला होता. पेरूचा नाही, ढोबळी मिरचीचा नाही. वडिलांच्या अंगाला यायचा तो.

मी काय केलं ते आता क्रमानं लिहितो, कारण क्रमच महत्त्वाचा आहे.

मी खिडक्या बंद केल्या. मग तिला न्हाणीघरात नेलं, डोकं खाली वाकवून नळाखाली धरलं आणि तिचे केस शाम्पूनं धुतले. ती म्हणत होती, "डोळा, डोळा." मी म्हणत होतो, "एक मिनिट, वास जाऊ दे." रक्त थांबेना म्हणून टॉवेलाची घडी करून मी ती डोळ्यावर दाबली. जोरात दाबली, माझ्या तळहाताची सगळी ताकद लावून, जसं कापलेल्या बोटावर दाबतात तसं. तिच्या अंगातून एक झटका गेला. तिचे कपडे बदलले. तिला भिंतीशी स्टुलावर बसवलं आणि टॉवेल तिच्या हातात दिला.

खाली माणसं बोलत होती. अरबीत कुणीतरी मोठ्यानं विचारत होतं, स्फोट कुठं झाला. पोलिस येणार हे मला कळलं.

मग मी कोठीच्या खोलीत गेलो. डोक्यावर परात धरून गेलो, म्हणजे मला माझ्या डोळ्यांची काळजी होती. लोणच्याच्या दोन बरण्या आणि कुकर बाहेर आणला. बरण्या स्वयंपाकघराच्या फरशीवर आपटून फोडल्या. मोहरी, हिंग, तेल, कैरीच्या फोडी सगळीकडे पसरल्या आणि वास झाकला गेला. कुकर ओट्याजवळ उलटा ठेवला आणि हातोडी घेतली. जाड अॅल्युमिनियम होतं, सहज वाकेना. मी झाकणाच्या कडेवर घाव घातले, कडी तुटेपर्यंत. मग भांड्याच्या कानावर. मी ओरडत नव्हतो, रडत नव्हतो, दात आवळून एकेक घाव नेमका घालत होतो, आणि प्रत्येक घावाला स्टुलावर बसलेली माझी बायको दचकत होती. ते मला दिसत होतं. मी थांबलो नाही.

दारावर थाप पडली. "काय झाला वो? भाभी? दार उघडा." समोरचे होते. मी हातोडी वर धरून गप्प उभा राहिलो. पुन्हा थाप. "अरे कोण ठोकतंय आत?"

दार माझ्या बायकोनं उघडलं. टॉवेल धरून, दुसऱ्या हातानं भिंत चाचपत ती गेली आणि तिनं कडी काढली.

ते नमाजहून आलेले, अंगात पांढरा स्वच्छ झब्बा. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग फरशीकडे, कुकरकडे, माझ्या हातातल्या हातोडीकडे. एकदा श्वास आत घेतला. लोणच्याखालून तो वास त्यांना आला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. पुढं होऊन त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. मी ओट्यावर आदळलो.

"बायको आंधळी होतेय आणि तू भांडी ठोकतोस?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "घाणीत हात घातलास ते घातलास. आधी तिला उचल."

पण मी पुढं होण्याआधी त्यांनीच तिला उचललं. झब्ब्याचा खांदा लाल झाला. जिन्यात दोन पोलिस वर येत होते. मी दारात उभा राहून ऐकत होतो. पोलिसानं विचारलं, ते एका दमात म्हणाले की, वल्लाही, घरात कुकर फुटला, बाईच्या डोळ्यात काच गेली, आम्हाला जाऊ द्या. वल्लाही म्हणजे अल्लाची शपथ. तो माणूस दुकानात गिऱ्हाईकाशी बोलतानासुद्धा शपथ घेत नसे. बायको मला कधीकधी सांगायची, त्यांच्या घरी शपथ घेतली की मुलींना ओरडा बसतो म्हणून.

एक पोलिस वर आला. कोवळा होता, घाबरलेला. त्यानं कुकरचं झाकण बुटानं उलटं केलं, लोणच्याच्या वासानं नाक धरलं, माझ्या गालावरच्या वळाकडे पाहिलं. कोठीच्या बंद दारापाशी थांबला. आत काहीच फुटलं नाही. "खलास?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "खलास." तो गेला.

म्हणजे माझ्या बायकोला दवाखान्यात दुसऱ्या माणसानं नेलं. मी घरी राहून उरलेल्या बाटल्या गोधडीत गुंडाळून एकेक करून संडासात रिकाम्या केल्या.

डोळ्यांचे डॉक्टर इजिप्तचे होते, सावकाश बोलणारे. ते म्हणाले, काच आत शिरली होती, पण जखमेपेक्षा नुकसान जास्त आहे. डोळ्यावर कुणी दाब दिला का? फुटलेल्या डोळ्यावर कधीच दाब देत नाहीत.

मी तोंड उघडलं असेल, मला नक्की माहीत नाही. बायको उशीवरून म्हणाली, "मीच दाबला. घाबरून." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

माझ्या वडिलांनी आईला सोळा वर्षं मारलं. आईचे दोन्ही डोळे शेवटपर्यंत शाबूत होते.

साहेब भेटायला आला. बाहेरच्या बाकावर बसून मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं एकच विचारलं. "तू झाकणं लावलीस?" मग तो गुडघ्यांवर कोपरं टेकून खाली बघत बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "ती वाईन माझी होती असं मी सांगतो. मला फार तर परत पाठवतील." मी नको म्हणालो. त्यानं सांगितलं असतं तर मी उघडा पडलो असतो. त्या वर्षअखेरीस तो नोकरी सोडून गेला.

समोरचे गृहस्थ पुढची चार वर्षं आमच्या समोर राहिले. दम्मामहून सुरमई आली की त्यांच्या मुली ताटलीत झाकून माझ्या बायकोसाठी आणायच्या. माझ्याशी ते फक्त एकदा बोलले, जिन्यात. "तुझ्यासाठी नाही केलं मी ते," ते म्हणाले. "आणि त्या शपथेची माफी मी रोज मागतो. तू काय करतोस?" पुढं जिन्यात दिसलो की ते भिंतीकडे सरकून मला वाट द्यायचे.

आता सासूबाई. खरं तर मला सगळ्यात जास्त त्यांच्याबद्दलच सांगायचं होतं.

त्यांना फोनवर बायकोनं कुकरचंच सांगितलं. फोन कोण ऐकतं याचा तेव्हा भरवसा नव्हता. मग त्या म्हणाल्या, "रिंग माझी आहे त्यातली." आम्हाला माहीत नव्हतं. कुकर त्यांचा वापरातला होता. आम्हाला देण्याआधी त्याची रबरी रिंग त्यांनी बदलली होती, पेठेतल्या एका फिरत्या विक्रेत्याकडून घेऊन, कंपनीची नाही. साडीत गुंडाळून तो कुकर त्यांनी स्वतः विमानतळावर माझ्या हातात दिला होता.

सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा त्यांनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांच्या ओट्यावर कुकर नव्हता. माळ्यावरही नव्हता. डाळ त्या पातेल्यात शिजवत होत्या, स्टुलावर बसून, दोन-दोन तास, दर थोड्या वेळानं उठून ढवळत. गुडघे सुजलेले. कुणी म्हणालं की, आई, आता नवीन कुकर चांगले येतात, तर त्या म्हणायच्या, "माझ्या घरात नको ते."

त्या रात्री बायको मला म्हणाली, "सांगूया आईला."

मी म्हणालो, "तिचं वय बघ. आता कशाला ढवळायचं? तिला अजून त्रास."

"तिला की तुम्हाला?"

मी कूस बदलली. नंतरही तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. ती माझ्या शब्दाबाहेर गेली नाही, आणि आईसमोर ते खोटं उघडं पडू नये म्हणून तिनं स्वतःही कुकर वापरणं सोडलं. आमच्या घरी इतकी वर्षं डाळ पातेल्यातच शिजत आली. सासूबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी पायाशी बसलो होतो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "पंधरा रुपये वाचवले रे मी. कंपनीची घेतली असती तर?" मी त्यांचा पाय दाबत राहिलो. म्हणालो, "नशीब असतं, आई." खोलीत आम्ही दोघंच होतो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

पुण्याला परतल्यावर एका ऑफिसच्या पार्टीत ती वाईन माझ्यासमोर आली. त्याच बेटावरची, त्याच टोकाची. मी एक घोट घेतला. मोडलेली ढोबळी मिरची होती, पेरू होता, लिंबाची साल होती, आणि गोडी अजिबात नव्हती. साहेबानं गाडीत सांगितलं होतं अगदी तशी. मी पेला ठेवला आणि घरी आलो.

या वर्षी मुलीचं लग्न झालं. तिनं पिंपरीत नवा संसार मांडला. आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा मी नेहमीच्या बापांसारखं काहीतरी उपयोगी न्यावं म्हणून भांड्यांच्या दुकानात गेलो आणि दुकानदारानं पुढं केलेला कुकर घेतला. मुद्दाम घेतला की नकळत, मला सांगता येणार नाही. तिनं खोका उघडला आणि पुन्हा बंद केला.

"बाबा, आर यू सीरियस? कुकर? आईचं झालंय ते बघून मी हा घरात ठेवू?"

"तिचा डोळा कुकरनं नाही गेला," मी म्हणालो.

बायको खिडकीशी बसली होती. तिनं मान वळवली. तिला सगळी मान वळवावी लागते. तिनं मला थांबवलं नाही. मी मुलीला सांगितलं, जसं इथं लिहिलंय तसं, क्रमानं. जार, गोणपाट, चाप. शाम्पू. टॉवेल. हातोडी. सांगताना तिचा नवरा आत निघून गेला, ते बरं झालं.

ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिनं बराच वेळ खोक्यावरची चिकटपट्टी नखानं काढली. मग विचारलं, "आजीला माहीत होतं?"

"नाही."

"कधीच?"

"नाही."

"तिचे गुडघे, बाबा," ती म्हणाली. "मी बाजूला बसायचे तिच्या. ती म्हणायची, घाई केली की माणसं जखमी होतात." मग तिनं खोका माझ्याकडे सरकवला. "हा तुम्ही घेऊन जा. मला आज तुमच्याशी बोलायचं नाहीये."

तेव्हापासून ती आईला फोन करते. मला नाही.

कुकर परत आला तो दोन दिवस दिवाणखान्यात पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून पाणी सोडल्याचा आवाज आला. मी दाराशी गेलो. बायकोनं तो धुऊन, पुसून, रिंग उजेडाशी धरून डाव्या डोळ्यानं तपासली आणि बसवली. तूरडाळ घातली, हळद, चमचाभर तेल. झाकण लावलं. गॅस पेटवला आणि त्याच्या अगदी समोर, हाताच्या अंतरावर उभी राहिली.

"जरा मागं सर," मी म्हणालो.

"कशाला? यानं काय केलंय मला?"

वाफ कोंडत गेली. शिट्टी हलू लागली, मग सुटली. माझे हात आपोआप डोक्यावर गेले आणि मी भिंतीला चिकटलो. ती जागची हलली नाही. मग ती ओट्यावरचा टॉवेल घेऊन माझ्या बाजूनं बाहेर जाताना म्हणाली, "आणखी दोन होतील. तिसरी झाली की गॅस बंद करा. उभे राहा इथंच."

मी उभा राहिलो.